चौकातली यादी

गेल्या महिन्यात आमच्या अमरावतीच्या कॉलनीत हरिपाठाला जमलेल्या बायकांत हा विषय निघाला. कोणाच्या तरी मोबाईलवर एका माणसाचा फोटो आला होता आणि खाली लिहिले होते, "याच्यापासून मुलींना सांभाळा." तो कोण, कुठला, काही पत्ता नाही. शेजारची सून म्हणाली, "काकू, सरकारनंच अशा लोकांची नावं फोटोसकट राजकमल चौकात लावून टाकावी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येईपर्यंत मात्र मन खाऊ लागले.

अशी यादी आपल्याकडे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहखात्याने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांवर नावे होती. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते. अमेरिकेत तसे नाही. १९९४ साली न्यू जर्सीत मेगन नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा, समोर राहणाऱ्या आणि आधी शिक्षा भोगून आलेल्या माणसाने अत्याचार करून खून केला. त्यातून कायदा झाला, १९९६ मध्ये तो देशभर गेला. आज तिथे कोणीही घरबसल्या आपल्या भागातली अशी नावे पाहू शकतो. त्या आईबापांचे म्हणणे कोणाला खोटे वाटेल? मला तरी वाटत नाही.

पण मी चौतीस वर्षे शाळेत काढली आहेत, आणि मला त्या यादीपेक्षा दुसरेच एक रजिस्टर आठवते.

१९८६ ची गोष्ट. अकोला जिल्ह्यातल्या एका गावची शाळा, नाव लिहीत नाही. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, मले त्या सराच्या वर्गात नाही बसाचं." पुढचे तिने थोडे सांगितले, थोडे मला कळले. मी मुख्याध्यापकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी तिची आई आली ती रडतच. "बाई, पोरीचं नाव नोका घेऊ. लगन कराचं हाय तिचं." मग बैठक झाली. त्या सरांची संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत बदली करायचे ठरले. रजिस्टरात लिहिले, 'विनंतीवरून, कौटुंबिक कारणास्तव.' खाली सगळ्यांनी सह्या केल्या. माझीही सही आहे. त्या दुसऱ्या गावातल्या मुलींना कोण सांगणार, हा विचार तेव्हा मनात आला नाही असे मी म्हणू शकत नाही. आला होता.

आता सांगा, तो माणूस कोणत्या यादीत सापडला असता? यादीत नाव यायला तक्रार लागते, खटला लागतो, शिक्षा लागते. आमच्याकडे पहिलीच पायरी आम्ही पुसून टाकली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असतो. काका, मामा, शेजारी, गुरुजी. चौकातला फोटो आपल्याला अनोळखी माणसाकडे बघायला शिकवतो, आणि धोका घरात पाट मांडून बसलेला असतो.

आणि त्या काकाचे नाव चौकात लागले, तर पुतणीचे नाव झाकलेले राहील का? दहा घरांच्या गावात? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे ती उगीच नाही. नाव जाहीर होणार म्हटल्यावर ती आई तक्रारीला आणखीच भिईल. आमच्या वऱ्हाडातल्या पारधी बेड्यांकडे बघा. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवायला सुरुवात केली. १९५२ साली कायदा गेला, पण पारध्याचे पोर शाळेत आले की दप्तरे सांभाळणारे मास्तर मी स्वतः पाहिले आहेत. कागदावरून नाव पुसले तरी लोकांच्या तोंडून जात नाही.

प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोघांनी २०११ साली अमेरिकेतल्या पंधरा राज्यांची आकडेवारी तपासून निष्कर्ष काढला, की पोलिसांकडे नोंद असली तर गुन्हे कमी होतात. नावे जगजाहीर केल्याने मात्र नवख्यांना थोडा धाक बसत असला, तरी आधी शिक्षा झालेल्यांचे पुन्हा गुन्हे करणे वाढण्याचाच संभव. घर नाही, काम नाही, मग सुधारायचे कशासाठी? इंग्लंडची रीत मला बरी वाटते. तिथे पालक पोलिसांना विचारू शकतात, आणि गरज दिसली तर पोलीस त्या पालकांपुरते सांगतात.

आपल्याकडे निदान शाळेने माणूस ठेवताना ही नोंद पोलिसांकडून तपासून घेतलीच पाहिजे. बदलापूरनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आदेश काढला, त्याच महिन्यात बाळापूर तालुक्यातल्या काझीखेडच्या शाळेतला शिक्षक मुलींच्या तक्रारीवरून पकडला गेला. मुली बोलल्या आणि कोणीतरी ऐकले, हे मला तिथे मोठे वाटते. माहीत असून न कळवणे हाही आता गुन्हा आहे, संस्थाप्रमुखाला वर्षभराची कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात, न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा रद्द करणे चूक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हटले. हा कायदा १९८६ ला असता तर आमची अख्खी बैठकच आत गेली असती. असो.

शेजारच्या सुनेला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "पण काकू, मला भीती वाटते त्याचं काय?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ती सातवीतली मुलगी दोन वर्षांपूर्वी मूर्तिजापूरला एका लग्नात भेटली. पन्नाशीला आलेली, नातवाला कडेवर घेऊन. "ओळखलं काय बाई?" म्हणून पाया पडली. मी तिला जवळ घेतले. त्या रजिस्टरातल्या सहीबद्दल बोलायला तोंड उघडले होते, तेवढ्यात पंगतीला बोलावणे आले आणि ती नातवाला घेऊन पुढे गेली.