वेताळाचा शेवटचा प्रश्न

भयपट संपून दिवे लागले की चित्रपटगृहाच्या जिन्यावरच प्रश्न कानी पडतो, ‘मग शेवटी खरे काय होते?’ भूत होते की भ्रम? ती स्त्री वेडी होती, की तिलाच तेवढे सत्य दिसत होते? पूर्वी हा वाद घरी पोहोचेपर्यंत आणि पुढे चार दिवस रंगत असे. आता चित्रपट प्रदर्शित होतो न होतो तोच त्याच्या शेवटाचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या चित्रफिती भ्रमणध्वनीवर हजर असतात. दहा मिनिटांत प्रेक्षक शंकामुक्त होतो आणि शांत झोपी जातो. या शंकामुक्तीविषयीच प्रस्तुत लेखकाला शंका आहे.

प्रश्न टाकून कथा संपवण्याची कला आपल्याला कोणाकडून उसनी आणावी लागलेली नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफलेली वेताळाची कथामाला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ठाऊक असूनही उत्तर दिले नाही तर मस्तक फुटेल, अशी तिथे अट आहे. राजा प्रत्येक वेळी उत्तर देतो आणि प्रत्येक वेळी प्रेत खांद्यावरून निसटते. पण शेवटच्या कथेत पिता आणि पुत्र अनुक्रमे कन्या आणि माता यांच्याशी विवाहबद्ध होतात. त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो आणि राजा निरुत्तर होतो. त्याचे मस्तक फुटत नाही, कारण त्याचे मौन ही लपवाछपवी नाही. उलट वेताळ प्रसन्न होतो.

मौनाचे हे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. दोन तास भिववून अखेरीस ‘सारे स्वप्न होते’ म्हणणारा, किंवा कथेच्या गाठी आपल्यालाच सुटेनात म्हणून पडदा काळा करणारा दिग्दर्शक संदिग्ध नसतो, तो पळपुटा असतो. दुसरे टोक म्हणजे सगळेच समजावून सांगणे. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) अखेरीस एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन नायकाच्या विकृतीचे जे लांबलचक प्रवचन देतो, ते त्या अजोड चित्रपटातले सर्वांत निर्जीव दृश्य होय. हिचकॉकलाही ते जाणवले असावे, कारण त्यानंतर तो कॅमेरा नायकाच्या कोठडीत नेतो.

खरी संदिग्धता कशी असते हे पाहायचे तर दोन कथा घ्याव्यात. योगायोग असा की दोन्ही १८९८ सालच्या आणि दोहोंवरचे चित्रपट १९६१ सालचे. पहिली रवींद्रनाथ ठाकुरांची ‘मणिहारा’. पती आपले दागिने मागेल या भयाने मणिमालिका सर्व अलंकार अंगावर घालून दूरच्या नात्यातल्या एका पुरुषाबरोबर नावेतून निघून जाते आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पुढे रात्री दागिन्यांचा झंकार ऐकू येतो, अलंकारांनी मढलेला सांगाडा घरात येतो आणि पती फणिभूषण त्याच्यामागून नदीत उतरतो. ही कथा घाटावर बसून गावचा शाळामास्तर एका परक्या माणसाला सांगत असतो. ऐकून झाल्यावर तो परका शांतपणे म्हणतो की माझेच नाव फणिभूषण, आणि माझ्या पत्नीचे नाव नृत्यकाली. कथा तिथेच संपते. मास्तरांनी सारे रचले? की हा मनुष्य नाव बदलून आपले दुःख झाकतो आहे? आणि जिच्यावरून गावाने भुताची गोष्ट बेतली, त्या स्त्रीचे प्रत्यक्षात काय झाले?

सत्यजित राय यांनी ‘तीन कन्या’मध्ये ही कथा घेतली आणि शेवट फिरवला. तिथे ऐकणारा आपण फणिभूषण असल्याचे सांगून हवेत विरून जातो आणि मास्तर भेदरून पळतो. अंगावर काटा येतो यात वाद नाही. तरीही रवींद्रनाथांनी किलकिले ठेवलेले दार राय यांनी भूत आणून बंद केले, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. भूत दिसले की त्या हरवलेल्या स्त्रीविषयी विचारण्याचे काही उरत नाही. राय यांच्याविषयी असे लिहिणे अनेकांना धारिष्ट्याचे वाटेल, वाटो.

दुसरी कथा हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’, आणि तिच्यावरचा जॅक क्लेटनचा ‘द इनोसंट्स’. एका निर्जन वाड्यात दोन अनाथ मुलांना सांभाळायला आलेल्या शिक्षिकेला तिथला मृत नोकर क्विंट आणि पूर्वीची मृत शिक्षिका दिसू लागतात. मुलांवर त्यांचा ताबा आहे अशी तिची खात्री होते. एडमंड विल्सन या समीक्षकाने १९३४ साली मांडले की भुते नाहीतच, तो शिक्षिकेच्या दडपलेल्या मनाचा खेळ आहे. तेव्हापासून दोन तट पडले ते आजतागायत आहेत.

क्लेटनने दोन्ही पक्षांना पुरावे मोजून दिले आहेत. जेम्सच्या कथेत शिक्षिका क्विंटचे वर्णन करते, तेव्हा तो कोण हे तिला ठाऊकच नसते. हा भुतांच्या बाजूचा बळकट पुरावा. चित्रपटात मात्र खिडकीबाहेर त्याचा चेहरा दिसण्यापूर्वीच माळ्यावर त्याचे एक लहानसे चित्र तिच्या हाती येते. पुरावा दुबळा झाला, असे आपण म्हणतो तोच शाळेच्या खोलीत मृत शिक्षिका रडताना दिसते, नाहीशी होते आणि पाटीवर अश्रूचा ओला थेंब उरतो. भ्रमाला ओल कशी असेल? पण तो थेंब तरी शिक्षिकेखेरीज कोणी पाहिला? डेबोरा कर हिच्या चेहऱ्यावर वात्सल्य आणि उन्माद इतके एकजीव झाले आहेत की एकातून दुसरे वेगळे काढता येत नाही.

अखेरीस ती लहानग्या माइल्सकडून क्विंटचे नाव वदवून घेते. मुलगा किंचाळतो आणि तिच्या हातांत मरून पडतो. इथे भूत की भ्रम हा प्रश्न बौद्धिक कोडे राहत नाही. भुते असतील तर तिने मुलाला सोडवले, भले प्राण देऊन. नसतील तर रक्षणाच्या ध्यासाने पछाडलेल्या एका सत्शील बाईने निरपराध बालकाला भीतीने मारले. चित्रपटाच्या आरंभी तीच हात जोडून रडत सांगत असते की मला मुलांना वाचवायचे होते, त्यांचा नाश करायचा नव्हता. तिचा हेतू खरा होता, हे दोन्ही तटांना मान्य करावेच लागते.

उत्तर सांगणाऱ्या चित्रफिती नेमके हेच ओझे आपल्या खांद्यावरून उतरवतात. ‘भुते होती’ म्हटले की दोष भुतांवर जातो, ‘ती वेडी होती’ म्हटले की वेडावर. मग तो मुलगा कोणाच्याच हिशेबात उरत नाही. क्लेटन तसे होऊ देत नाही. बागेतल्या अंधारात, पुतळ्यांच्या मधोमध, ते लहान शरीर तो आपल्यासमोर ठेवतो आणि एक शब्दही अधिक बोलत नाही.