धाटावात शिकणाऱ्यांसाठी एक भिंत राखावी



भिंतीवरील चित्राक्षरांविषयी आपल्याकडे घेतली जाणारी भूमिका बहुधा दोन टोकांची असते : एक तर ते विद्रूपीकरण मानून त्यावर चुना फिरवावा, नाही तर एखाद्या तयार कलावंताला वा ठेकेदाराला बोलावून भिंत एकदाची रंगवून घ्यावी आणि पुढची काही वर्षे तिकडे पाहू नये. ज्याचा हात अजून बसलेला नाही असा माणूस या दोन्ही भूमिकांत गृहीतच धरलेला नाही, आणि ही कला अशाच माणसाच्या चुकांतून, त्याही चारचौघांच्या डोळ्यांदेखत, घडत असल्याने तिची पारख करण्याची सवय समाजालाही लागत नाही. रोहा तालुक्यातील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कुंपणभिंतींना तोटा नाही. त्या परिसरातील एक भिंत केवळ नवशिक्यांच्या सरावासाठी राखून ठेवावी, असे या पत्राचे प्रतिपादन आहे.

‘ग्राफिटी’ हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला तो दैनिकातील खुसखुशीत एकोळी विनोदामुळे, परंतु येथे अभिप्रेत असलेली ग्राफिटी म्हणजे दाबाने फवारणाऱ्या रंगाच्या डब्याने सार्वजनिक भिंतीवर अक्षरे रेखण्याची कला होय. ‘टाकी १८३’ अशी सही न्यूयॉर्कभर करीत फिरणाऱ्या एका तरुणाची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २१ जुलै १९७१ रोजी छापली आणि तेव्हापासून या प्रकाराकडे जगाचे लक्ष गेले. कलावंतांच्या बोलीत तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : एका दमात काढलेली सही म्हणजे ‘टॅग’, फुगीर बाह्यरेषेत एक-दोन रंग झटपट भरून केलेले अक्षर म्हणजे ‘थ्रो-अप’, आणि अनेक रंगांची, छायाप्रकाश साधलेली, सावकाश केलेली रचना म्हणजे ‘पीस’. नवशिक्याला ते ‘टॉय’, म्हणजे खेळणे, म्हणतात. शब्द हिणवणारा आहे, पण तो प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी आलेला असतो.

या शिक्षणात नेमके काय बदलते, हे पाहण्यासारखे असते. डबा भिंतीजवळ धरून हात वेगाने फिरवला तर रेघ बारीक व धारदार उमटते, लांब धरला तर ती पसरट व धूसर होते, आणि हात क्षणभर अडखळला तरी रंग साचून ओघळ खाली उतरतो. त्यामुळे नवशिक्याची भिंत ही त्याच्या हाताच्या संकोचाची नोंदच असते. देवनागरीत हे काम आणखी अवघड होते. रोमन अक्षरे सुटी उभी राहत असल्याने त्यांना एकमेकांत गुंतवणारी ‘वाइल्डस्टाइल’ ही शैली अमेरिकी तरुणांना मुद्दाम घडवावी लागली. देवनागरीत ती गुंफण जोडाक्षरांत आधीच आहे, मात्र शिरोरेघ सरळ, लांब आणि एकाच जाडीची ओढणे ही नवशिक्याची पहिली कसोटी ठरते. खुद्द ‘धाटाव’ हे नाव घेतले तरी पुरे. ‘ध’च्या गाठीवर शिरोरेघ तुटली पाहिजे; उत्साहाच्या भरात ती सलग ओढली गेली आणि गाठही दबली की गावाचे नाव ‘घाटाव’ होते, आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणत्याही शाळकरी मुलाला ती चूक दिसते. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर रेघ आखून घेत व मग तिला अक्षरे लटकवीत. भिंतीवरच्या मुलालाही ती युक्ती चालेल. मोडी व देवनागरीच्या अभ्यासातून ‘मुक्तलिपी’ घडवणारे अच्युत पालव किंवा मराठी नाटकांची नावे जाहिरातींत आपल्या अक्षरांनी ओळखीची करणारे कमल शेडगे यांच्या महाराष्ट्रात भिंतीवरील अक्षर मात्र पक्षांच्या आणि सिमेंटच्या जाहिरातींवर सोडून दिलेले असावे, हे फारसे भूषणावह नाही.

शिकाऊ हाताला जागा देण्याची रीत याच रायगड जिल्ह्यात जुनी आहे. पेण, हमरापूर आणि जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत नवा मुलगा आधी साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासतो, मग त्याच्याकडे अंगरंग आणि दागिने येतात, आणि डोळ्यांची आखणी मात्र जाणत्या हाताकडेच राहते. तेथे चूक आतल्या आत निस्तरली जाते व गिऱ्हाईकाला ती दिसत नाही. भिंतीच्या कलेला असा आतला भाग नसतो, म्हणूनच तिला राखीव भिंतीची गरज आहे.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा घेतला जाईल. महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ याखाली अशा कृत्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे खरे; पण त्याच तरतुदीत स्थानिक प्राधिकरणाच्या लेखी परवानगीविना केलेले विरूपणच दंडनीय मानले आहे, म्हणजे परवानगीचा दरवाजा कायद्यानेच ठेवला आहे. दुसरा आक्षेप असा की, मोकळीक दिली तर हीच मुले उद्या किल्ल्यांवर आणि कुड्याच्या लेण्यांत नावे कोरतील. वस्तुतः संरक्षित स्मारकावर नाव कोरणाऱ्याला अक्षराशी काही देणेघेणे नसते, त्याला केवळ आपली हजेरी लावायची असते. ज्याला आपले अक्षर दर आठवड्याला सुधारायचे आहे, त्याला चुना मारून पुन्हा कोरी करता येणारी भिंतच हवी असते. तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे. रंगाच्या डब्यातील वायू आणि द्रावके ज्वलनशील असतात, आणि रासायनिक कारखान्यांच्या शेजारी ती वापरणे कोणीही सुचवू नये. भिंत वसाहतीच्या कडेला, वस्तीच्या बाजूची, मोकळ्या हवेची असावी आणि तोंडाला मास्क असल्याशिवाय डबा हाती घेऊ देऊ नये.

मुंबईत ऑगस्ट २००९ मध्ये महापालिकेच्या पुढाकाराने सेनापती बापट मार्गाची, म्हणजे जुन्या तुळशी पाइप रोडची, भिंत नागरिकांना रंगवायला दिली गेली, तेव्हा नवख्यांनाही तेथे जागा मिळाली होती. परंतु एकदा रंगवण्याचा उत्सव आणि दर महिन्याचा सराव या भिन्न गोष्टी आहेत. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवर कोणी कोठे रंगवायचे हे एक जाणकार कलावंत ठरवत असे, आणि ती व्यवस्था २०१३ मध्ये इमारतीला पांढरा रंग फासला जाईपर्यंत चालली. त्या फासण्यावरून मालकाला पुढे मोठी भरपाई द्यावी लागली. आपल्याकडेही विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल ते घडवणारे शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला आहे. सबब सरावाच्या भिंतीवरील प्रत्येक काम पुसले जाणार, हे आधीच लेखी मान्य करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

खर्च चुन्याचा आणि एका फलकाचा आहे. भिंतीचे प्रत्येक महिन्याला त्याच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे व ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लावावे, म्हणजे ओघळ कधी थांबले आणि शिरोरेघ कधी सरळ झाली हे ज्याचे त्याला पाहता येईल. कोकणातल्या पावसात भिंतीवर शेवाळ धरते, त्यामुळे या कामाला दसऱ्यापासून मे अखेरपर्यंतचाच हंगाम मिळतो. येत्या दसऱ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि औद्योगिक विकास महामंडळाने भिंत निवडण्यास साहाय्य करावे, अशी धाटाव ग्रामपंचायतीला विनंती आहे.

— एक वाचक, धाटाव (ता. रोहा, जि. रायगड)