काम कोणाच्या टेबलावर अडले?



मागल्या रविवारी वाडीतल्या आमच्या विहारात वंदना आटोपल्यावर शेजारची एक लेक माझ्याजवळ आली. इंजिनिअर आहे, मिहानमध्ये नोकरीला जाते. म्हणाली, "काका, आमच्या कामात इंजिनिअर, खरेदीवाले, स्टोअरवाले, हिशेबवाले असे सगळेच आहेत. कोणाकडे कोणते काम आहे हे सांभाळायला सॉफ्टवेअर घ्यायचे आहे. निवड माझ्यावर सोपवली. कोणते घेऊ?"

मी पडलो बी.कॉम. कारकून. पण या सॉफ्टवेअरची नावे कितीही मोठी असोत, आत आमची आवक-जावक नोंदवहीच असते. काम कोणते, कोणाकडे, कधी आले, कधी पुढे गेले.

या नोंदीचे मोल मी पाहिले आहे. एका कचेरीत एक कागद उशिरा निघाला आणि ठपका शिपायावर आला. नोंदवही उघडली तेव्हा दिसले की कागद अकरा दिवस साहेबांच्याच टेबलावर होता. शिपायाची वेतनवाढ वाचली. जिथे नोंद नसते, तिथे दोष खालच्या माणसाच्या माथी मारणे सोपे जाते. म्हणून हा प्रश्न आपल्या मुलामुलींसाठी केवळ सोयीचा नाही.

आम्ही दोघांनी बसून तिची यादी पाहिली. 'जिरा' हे ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियन कंपनीचे, २००२ साली निघालेले. सॉफ्टवेअरमधले दोष नोंदवण्यासाठी ते जन्मले. इंजिनिअरांना सोयीचे, पण त्यातले रकाने पाहून स्टोअरवाल्याला घाम फुटायचा. 'ट्रेलो' २०११ साली आले. फळ्यावर चिठ्ठ्या लावाव्या तसे ते आहे: करायचे, चालू, झाले. ही रीत जपानच्या टोयोटा कारखान्यातल्या 'कानबान' चिठ्ठ्यांवरून आलेली. कोणालाही कळते, पण एक काम दुसऱ्यापायी अडले आहे हे साध्या फळ्यावर चटकन दिसत नाही. पाया झाल्याशिवाय स्लॅब नाही, अशा कामाला तारखांच्या आडव्या पट्ट्यांचा 'गँट' तक्ता लागतो. तो 'मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट'मध्ये मिळतो. 'ओपनप्रोजेक्ट'मध्येही मिळतो, आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बिनपैशात चालवता येते. मात्र ती सांभाळणारा जाणकार हवा.

मी तिला एवढेच प्रश्न लिहून दिले. माणशी दरमहा किती पडते? साध्या मोबाइलवर चालते का? मराठीत लिहिता येते का? उद्या सोडायचे ठरवले तर आपल्या नोंदी बाहेर काढता येतात का? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: साहेबांनी तारीख बदलली तर त्यांचेही नाव तिथे उमटते का?

मग म्हटले, "यादीतली दोनच निवड. एकच खरे काम पंधरा दिवस दोन्हींवर चालवून बघ. आणि पहिल्यांदा स्टोअरवाल्याच्या हातात दे. त्याला जमले तर सगळ्यांना जमेल. त्याला जमले नाही तर तो तोंडी सांगेल, आणि तुमची नोंद पहिल्याच आठवड्यात खोटी पडेल."

एक सावधगिरीही सांगितली. नोंद कामाची ठेवायची, माणसावर चाबूक म्हणून नव्हे. कोणी किती चिठ्ठ्या उरकल्या एवढेच मोजू लागलात, तर लोक सोपी कामे आधी उरकतील आणि अवघड कामे लपवतील.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम ठाऊक होते. सर्वांना विचारून ठरवणे ही आपली जुनी रीत आहे. मग ज्याला रोज नोंद करायची आहे, त्याला न विचारता नोंदवही कशी निवडायची?

लेकीने कागदाची घडी घातली. म्हणाली, "काका, आतापर्यंत मी फक्त इंजिनिअरांनाच विचारले होते." सोमवारी ती आधी स्टोअरमध्ये जाणार आहे.

जयभीम!