चार्ज मोजून घ्या, मोजून द्या : नर्स होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलींसाठी



गँगमनच्या, पोस्टमनच्या, शंटिंग जमादाराच्या घरची मुलगी बारावी झाली की पुष्कळदा नर्सिंगचा विचार होतो. जीएनएमला तीन वर्षे, बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे लागतात. फीचे पैसे जमेपर्यंत, किंवा शिकता शिकता, मुलगी एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये वॉर्ड असिस्टंट म्हणून लागते. पगार तुटपुंजा आणि नेमणूकपत्र बहुधा नाहीच. आपल्याला वाटते, अनुभव मिळतो आहे. पण याच ठिकाणी तिच्या पुढच्या आयुष्यावर डाग पडू शकतो. त्याबद्दल आपल्या संघटनेत फारसे बोलले जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या शाखेतील एका ट्रॅकमनच्या मुलीची गोष्ट सांगतो. रात्रपाळीनंतर कपाटातील वेदनाशामक इंजेक्शनच्या दोन अँप्यूल कमी भरल्या. कपाटाची किल्ली रात्रभर टेबलावरच होती आणि चार जणांनी ती वापरली होती. त्या चौघांत सर्वांत नवी आणि सर्वांत गरीब ही मुलगी. तिला केबिनमध्ये बोलावून सांगण्यात आले, "माझ्याकडून चूक झाली असे लिहून दे आणि राजीनामा दे, प्रकरण इथेच मिटेल." मुलगी रडत घरी आली. बापही म्हणाला, लिहून दे आणि मोकळी हो. आम्ही त्याला थांबवले. तिने फक्त एवढेच लिहून दिले की किल्ली माझ्या एकटीच्या ताब्यात नव्हती, साठा मला मोजून दिला नव्हता, आरोप मान्य नाही, रजिस्टर दाखवून रीतसर चौकशी करावी. त्या पत्राची पोच घेतली. त्यानंतर राजीनाम्याचा आग्रह बंद झाला.

लिहून दिल्याने प्रकरण मिटते, हा मोठा गैरसमज आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे संरक्षण जुन्या पुरावा कायद्यात होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण मालकाला किंवा मेट्रनला लिहून दिलेल्या कागदाला हे संरक्षण सरसकट मिळत नाही. तो कागद फाइलमध्ये पडून राहतो आणि नको त्या वेळी बाहेर निघतो. नोकराने मालकाच्या वस्तूची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखे औषध असेल तर 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदाही आड येऊ शकतो. तेव्हा हा दोन अँप्यूलचा किरकोळ मामला समजू नका.

पुढची अडचण तर आपल्याला चांगली ठाऊक आहे. रेल्वे असो वा पोस्ट, नेमणुकीच्या वेळी अटेस्टेशन फॉर्म भरावा लागतो. कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का, असे त्यात विचारतात. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही माहिती खरीच दिली पाहिजे, लपवू नये. आणि खरी दिली तरी पूर्ववृत्त तपासण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. उद्या हीच मुलगी रेल्वे हॉस्पिटलच्या भरतीला बसली, तर आजचा कागद तिच्या वाटेत आडवा येईल. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव चढल्यावरही गैरवर्तन सिद्ध झाले तर ते नाव काढले जाऊ शकते.

यावर उपाय नवा नाही. तो आपल्या खात्यानेच आपल्याला शिकवला आहे. बुकिंग क्लार्क ड्युटीवर बसताना खिशातील खासगी पैसे रजिस्टरमध्ये लिहितो. स्टेशन मास्तर चार्ज देता-घेता डायरीत सही करतो. पोस्टाच्या काउंटरवर रोकड मोजल्याशिवाय दिवस संपत नाही. हीच सवय मुलीला लावा.

पाळी बदलताना कपाटातील साठा दोघींनी मिळून मोजावा आणि दोघींनी सही करावी. मोजून मिळाला नाही तर तसे तारीख-वेळ घालून लिहावे. अँप्यूल फुटली तर तुकडे टाकू नयेत. ते दाखवून, साक्षीदाराची सही घेऊन नोंद करावी. उरलेले औषध एकटीने ओतून टाकू नये. किल्ली दुसऱ्याला दिली तर कोणाला आणि किती वाजता, हे लिहावे. ज्या औषधाची जबाबदारी तिच्या शिक्षणात बसत नाही ते देण्यास नम्रपणे नकार द्यावा. अशिक्षित मदतनीसाकडून नर्सचे काम करवून घ्यायचे आणि अंगाशी आले की तिच्यावर ढकलायचे, ही चाल ओळखा. आपल्या कामाची यादी लेखी मागावी. घरी स्वतःची वही ठेवावी. मात्र तीत रुग्णांची नावे लिहू नयेत आणि केसपेपरचे फोटो काढू नयेत, नाहीतर तोच नवा आरोप होईल.

आरोप आलाच, तर तोंडी उत्तर देऊ नका. आरोप लेखी मागा. दबावाखाली राजीनामा, कबुली किंवा भरपाई देऊ नका. पोलिसांत तक्रार झाली तर पहिल्याच दिवशी वकील गाठा. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

कोणी म्हणेल, मग खऱ्या चोरांना युनियन पाठीशी घालणार काय? मुळीच नाही. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाचे इंजेक्शन पळवणे हा गुन्हाच आहे. पण खरा चोर सापडायचा असेल तर रजिस्टर चोख पाहिजे आणि किल्लीचा हिशेब पाहिजे. जिथे हे नसते तिथे चोर सुटतो आणि गरीब अडकते.

आपल्याला चार्जशीट मिळाली तर 1968 चे शिस्त व अपील नियम आहेत, पोस्टात 1965 चे नियम आहेत. उत्तर देण्याची मुदत मिळते, बचावासाठी सहकारी मिळतो. ही ढाल आपल्या आधीच्या पिढीने लढून टिकवली. नर्सिंग होममधल्या आपल्या मुलीच्या हातात मात्र काहीच नाही. म्हणून माझी मागणी अशी की प्रत्येक शाखेने चार्जशीटची उत्तरे लिहिणाऱ्या आपल्या अनुभवी कार्यकर्त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ कामगारांच्या मुलांसाठी बसवावे. भुसावळ असो, इटारसी असो वा सिकंदराबाद, घरापासून दूर असलेल्या मराठी कामगाराला तर याची अधिकच गरज आहे. मुलीला कागदावर सही करायला सांगितली, तर तिने आधी युनियन ऑफिसची पायरी चढावी, इतका विश्वास तिला वाटला पाहिजे.