चार दिवसांची सासू, पाच दशकांची साधना

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण मराठी घराला नवी नाही. अधिकार आला की तो एक दिवस सोडावाही लागतो, हे शहाणपण आपल्या आजी-पणजींनी या म्हणीत सांगून ठेवले आहे. याच म्हणीतून नाव घेतलेली मालिका 2001 साली तेव्हाच्या ई टीव्ही मराठी वाहिनीवर सुरू झाली आणि 2013 साली संपली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. तिच्यातील सासू आशालता देशमुख साकारणाऱ्या रोहिणी हट्टंगडी या काळात असंख्य मराठी घरांत माजघरातल्या माणसासारख्या वावरल्या. मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुली ती संपेपर्यंत स्वतः सुना झाल्या होत्या!

दूरचित्रवाणीवरील लोकप्रियता सहज मिळते आणि सहज विरते, असा सर्वसाधारण समज आहे. रोहिणीताईंच्या बाबतीत तो खोटा ठरला, कारण त्या लोकप्रियतेच्या मागे प्रदीर्घ तपश्चर्या होती. पुण्याच्या ओक घराण्यातील ही मुलगी सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाली आणि इब्राहिम अल्काझी यांच्यासारख्या कठोर गुरूच्या हाताखाली शिकली. तेथेच जयदेव हट्टंगडी हे सहाध्यायी भेटले आणि पुढे जीवनसाथी झाले. त्यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘चांगुणा’सारखी नाटके झाली, ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोगही झाला. पैसा आणि प्रसिद्धी यांची खात्री नसलेल्या प्रायोगिक रंगभूमीवर या दांपत्याने संसाराइतक्याच निष्ठेने काम केले.

1982 साली प्रदर्शित झालेल्या रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटात त्यांनी कस्तुरबा साकारल्या. तरुण पत्नीपासून आगाखान पॅलेसमध्ये देह ठेवणाऱ्या वृद्धेपर्यंतचे ते सारे आयुष्य होते. कस्तुरबांनी 1944 साली पुण्यातच अखेरचा श्वास घेतला होता आणि त्यांना पडद्यावर जिवंत करणारी अभिनेत्रीही पुण्याचीच असावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. 1984 साली आलेल्या ‘सारांश’मध्ये त्या परदेशात मुलगा गमावलेल्या वृद्ध मराठी मातेच्या, पार्वती प्रधान यांच्या भूमिकेत दिसल्या. त्याच वर्षीच्या ‘पार्टी’ने राष्ट्रीय पुरस्कारही मिळवून दिला.

येथेच चित्रपटसृष्टीचा एक दोष उघडा पडतो. ऐन तिशीच्या आसपास वृद्धेची भूमिका इतकी उत्तम करून दाखवली, याचे बक्षीस म्हणून हिंदी पडद्याने त्यांना कायमचे ‘आई’ करून टाकले. 1990 सालच्या ‘अग्निपथ’मध्ये तर वयाने आपल्याहून मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांची आई त्यांना व्हावे लागले. नायक साठीपर्यंत नायकच राहतो आणि अभिनेत्रीचे केस मात्र वेळेआधीच पांढरे केले जातात. मातेला देवतेचे स्थान देणाऱ्या समाजाच्या चित्रपटांत मातेच्या वाट्याला चार अश्रू आणि एक आशीर्वाद एवढेच यावे, ही विसंगती आपण सर्वांनीच विचारात घेतली पाहिजे.

रोहिणीताईंनी याविषयी आकांडतांडव केले नाही. जी आई वाट्याला आली तिला त्यांनी स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. 2013 ते 2016 या काळातील ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील आईआजी, भागीरथी गोखले, हे त्याचे ठळक उदाहरण. उद्योग सांभाळणारी, घरातील बायकांना एकत्र बांधून ठेवणारी, शिस्तीची पण मायाळू अशी ही आजी पाहून अनेकांना आपल्या घरातले वडीलधारे माणूस आठवले असेल. 2008 साली जयदेव यांचे निधन झाले. त्यानंतरही त्यांची वाटचाल थांबली नाही. 2023 साली केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’मध्ये मंगळागौरीच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींपैकी त्या एक होत्या. फुगड्या-झिम्मा हे कालबाह्य झाले असे मानणाऱ्यांना, त्या चित्रपटासाठी नऊवारी नेसून चित्रपटगृहांत लोटलेल्या स्त्रियांनीच उत्तर दिले.

तथापि केवळ गौरव करून थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. दैनंदिन मालिकांनी गेल्या दोन-अडीच दशकांत कुटुंबाचे जे चित्र उभे केले, ते अभिमान वाटावा असे खचितच नाही. सासू म्हणजे कारस्थान, सून म्हणजे अश्रू आणि सण म्हणजे दागिन्यांचे प्रदर्शन, हे समीकरण घराघरांत रुजवले गेले. कथा संपली तरी मालिका संपत नाही, या रोगातून रोहिणीताईंच्या मालिकाही पूर्णपणे सुटल्या नाहीत. कसदार कलावंताला कमकुवत संहितेचे ओझे वर्षानुवर्षे वाहावे लागते, तेव्हा दोष केवळ वाहिनीचा नसतो. जे आपण रोज रात्री जेवणाच्या ताटासमोर मुकाट्याने पाहतो, तेच आपल्याला पुन्हा पुन्हा वाढले जाते.

कुटुंबसंस्था ही भाषणांनी टिकत नाही. ती संध्याकाळच्या दोन तासांत घरात काय बोलले, पाहिले आणि ऐकले जाते यावर टिकते. घरातील मुलांनी आजीकडे पाहताना कारस्थानी बाई पाहायची की भागीरथीबाई, याचा निर्णय ज्याच्या हाती दूरचित्रवाणीची कळ आहे त्यानेच करायचा आहे. एखाद्या सायंकाळी मालिका बंद करून ‘सारांश’ सर्वांनी मिळून पाहावा, जवळच्या नाट्यगृहात नाटकाची तिकिटे काढावीत. ज्या अभिनेत्रीने पाच दशके आपल्या समाजातील आईला, सासूला आणि आजीला प्रतिष्ठा दिली, तिचा याहून उचित सत्कार कोणता?