पायी पोहोचता येईल असे मैदान

पाच-सात वर्षांच्या मुलाला शाळेनंतर कोणत्या खेळाला घालावे, असा प्रश्न नागपुरातील पालक हल्ली वरचेवर विचारतात, आणि त्यामागील कळकळ खरी असते. कारण ज्या घरी आईवडील दोघेही नोकरीनिमित्त बाहेर असतात, शाळेची बस काटोल मार्गावरून अथवा वर्धा मार्गावरून मुलाला उशिरा दुपारी दारात आणून सोडते, आणि त्यानंतर दिवेलागणीपर्यंतचा काळ मोबाइलपुढे सरतो, त्या घरातील वडीलधाऱ्यांना काहीतरी चुकते आहे याची जाणीव फार आधीपासून झालेली असते. मग चौकशी सुरू होते. स्केटिंग बरे की तायक्वांदो, जिम्नॅस्टिक्सला आत्तापासून घालावे की पोहणे आधी शिकवावे, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखालून किती पदके निघाली, शुल्क तिमाही की वार्षिक, असा सर्व तपशील गोळा होतो. परंतु जी बाब सर्वप्रथम विचारावयास हवी, ती बहुधा शेवटी आणि केवळ सोयीची बाब म्हणून विचारली जाते. ती बाब म्हणजे अंतर. माझे मत असे आहे की आठ-नऊ वर्षांच्या आतील मुलासाठी खेळ कोणता हा प्रश्न दुय्यम असून, खेळण्याची जागा घरापासून पायी जाता येण्याजोगी आहे की नाही, हाच प्रश्न मुख्य होय.

यामागील पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी 60 मिनिटांची, दम लागेल अशी हालचाल आवश्यक मानली आहे. तीन-चार वर्षांच्या बालकांसाठी तर आदल्याच वर्षीच्या तत्त्वांत दिवसभरात मिळून 180 मिनिटांची हालचाल सांगितली आहे. यातील ‘दररोज’ हा शब्द निर्णायक आहे. मनीषनगरात राहणाऱ्या मुलीला मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात न्यावयाचे म्हटले, तर अवघे शहर दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडावे लागते, आणि हा प्रवास कोणतेही कुटुंब आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस निभावू शकते. त्या दोन-तीन तासांतही रांगेत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात बराच वेळ जातो, आणि उरलेल्या दिवसांचे खाते कोरेच राहते. याउलट दोन गल्ल्या ओलांडून गाठता येणारे मैदान असेल तर मूल रोज जाते, पाऊस थांबला की जाते, आजोबा सोबतीला नसतील त्या दिवशी शेजारच्या ताईचा हात धरून जाते.

दुसरे कारण बालकाच्या प्रकृतीचे आहे. या वयातील मूल प्रौढांप्रमाणे तासभर एका लयीत व्यायाम करीत नाही. ते धावते, थबकते, लोंबकळते, पडते, रुसून बाजूला बसते आणि पुन्हा डावात शिरते, आणि तोल सावरणे, उंचावरून उडी घेणे, येणारा चेंडू नजरेने तोलणे या मूलभूत क्रिया याच अनियमित खेळातून अंगी मुरतात. एकाच खेळाचे तंत्र त्याच्या देहावर अकाली लादण्यात शहाणपण नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेने 2016 साली स्पष्टपणे सुचविले की एकाच खेळातील विशेषीकरण पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत लांबणीवर टाकावे. दुखापती आणि खेळाविषयीचा वीट ही त्यामागील कारणे होत. मोकळ्या उजेडाचे महत्त्व तर वेगळेच. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेण्यात आला, तेथे तीन वर्षांत 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष जडला, तर इतर शाळांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. चष्म्याची दुकाने बालवर्गापर्यंत येऊन ठेपलेली असताना हा आकडा पालकांनी नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

येथे कोणी म्हणेल की मग या शहरातून खेळाडू निर्माण व्हावयाचे कसे. मालविका बनसोड हिने 2022 च्या जानेवारीत दिल्लीच्या बॅडमिंटन स्पर्धेत सायना नेहवालला हरविले, ओजस देवतळे 2023 साली बर्लिनमध्ये तिरंदाजीचा जगज्जेता ठरला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके मिळविली. ही नावे उच्चारताना नागपूरकराचा ऊर भरून येतो आणि येणे योग्यच आहे. परंतु ओजसने आपल्या तिरंदाजीची तयारी साताऱ्यास जाऊन केली, हे ध्यानी घ्यावे. ज्याच्या ठायी गुण आणि ध्यास दोन्ही प्रकट होतात, त्याच्यासाठी गाव सोडण्याचीही वेळ येते आणि ते सोडावेही. मात्र तो प्रसंग सहाव्या वर्षी येत नाही. सहाव्या वर्षी हवे असतात सवंगडी.

आणि सवंगड्यांची ही व्यवस्था विदर्भाला परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी स्थापन केले, त्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी ठिकठिकाणच्या शाळांत शारीरिक शिक्षणाचा पाया घातला. या संस्थेचा उचित गौरव झालेला आहे. परंतु तिच्याइतक्याच मोलाच्या, पण कोणत्याही दफ्तरात नोंद न झालेल्या मोहल्ल्यांतील लहान व्यायामशाळांची आठवण आज कोणी काढीत नाही. महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांत आखाड्याची तांबडी माती, एक मलखांब, दोरीचा एक फास, हनुमंताची तसबीर आणि संध्याकाळी मुलांकडे लक्ष ठेवणारा एखादा वस्ताद एवढ्या भांडवलावर या शाळा चालत. तेथे सहा वर्षांचे पोर सोळा वर्षांच्या दादाच्या खांद्यावर चढून मलखांबाला हात लावी, आणि शिकवणे व शिकणे यांत आजच्यासारखी तुकड्यांची भिंत नसे. त्यांत एक मोठे वैगुण्य होते, ते झाकून ठेवू नये. मुलींना त्या दाराच्या आत फारसा प्रवेश नव्हता. आज दोरीच्या मलखांबावर मुली ज्या सहजतेने आसने करतात ती पाहिली म्हणजे त्या काळी केवढा ठेवा वाया गेला याची हळहळ वाटते. आणि म्हणूनच ही परंपरा पुनरुज्जीवित करावयाची ती मुलींना बरोबरीचे स्थान देऊनच केली पाहिजे, एरवी नाही.

देशी खेळांच्या बाबतीतही असेच विस्मरण झाले आहे. आट्यापाट्या या खेळाकडे पाहा. एकामागे एक आखलेल्या नऊ पाट्या, त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी, अडविणाऱ्याला हुलकावणी देत पलीकडे निसटणे आणि लोण घेऊन परत येणे; यास ना चेंडू लागतो, ना जाळे, ना गणवेश, लागते ती फक्त चुन्याची रेघ. अंगाची चपळाई आणि मनाची सावधानता यांचा एवढा सुंदर मेळ बालवयासाठी दुसऱ्या कोणत्या खेळात साधतो, हे मला सांगता येणार नाही. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. एवढी विद्या आपल्या भाषेत संगृहीत असताना आपली मुले ताशी भाडे भरून घेतलेल्या हिरव्या कृत्रिम टर्फवरच काय ती धावतात. खोखोचे पहिले विश्वचषक सामने 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झाले आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत विजयी झाला, तेव्हा हा खेळ काही दिवस सर्वांच्या तोंडी होता. तो मुलांच्या पायांत किती उतरला, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे.

कारण उतरावयाचा तर जागा हवी. नागपूर सुधार प्रन्यास 1936 च्या कायद्यान्वये अस्तित्वात आला, तेव्हापासून या शहराची वाढ ले-आउटांनी झाली, आणि प्रत्येक मंजूर ले-आउटच्या नकाशात मोकळी जागा म्हणून एक चौकोन दाखविण्याचा शिरस्ता पडला. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनेही 0.4 हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीवर दहावा हिस्सा मोकळा ठेवण्याचे बंधन घातले आहे. हा चौकोन मुलांचा आहे. प्रत्यक्षात त्याचे काय होते, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीत जाऊन पाहावे: कोठे समाजभवन उभे राहिले, कोठे मंदिराचा मंडप वाढत गेला, कोठे गाड्यांचा तळ झाला, आणि जेथे महानगरपालिकेने हौसेने उद्यान केले तेथे हिरवळीवर खेळण्यास मनाई असल्याची पाटी लागली व प्रौढांसाठी लोखंडी व्यायामयंत्रे बसली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ज्या वस्त्या नियमित झाल्या, त्यांतील कित्येकांच्या वाट्याला तर हा चौकोन मुळातच आला नाही. मोठ्या मैदानांची गतही फारशी निराळी नाही. कस्तुरचंद पार्क काय, रेशीमबाग काय, वर्षातील कितीतरी दिवस सभा, प्रदर्शने व मेळावे यांच्या मंडपांखाली असतात, आणि मंडप उठल्यावर उरलेले खड्डे व खिळे यांतून लहान मुलाला अनवाणी सोडण्याचे धैर्य कोणत्या आईला होईल?

तथापि एक जागा अशी आहे की जी प्रत्येक मोहल्ल्यात आहे, जिला कुंपण आहे, पाणी आहे, शौचालय आहे, आणि जी नेमकी आपल्याला हव्या त्या वेळी कुलूपबंद असते. ती म्हणजे शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे; 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिकवण्याच्या तासांबाहेर शाळेच्या वास्तूचा समाजासाठी उपयोग करण्यास अनुकूलता दर्शविली आहे; आणि पटसंख्येअभावी बंद पडलेल्या महानगरपालिकेच्या शाळांची आवारे तर ओस पडून आहेत. नागपूर महानगरपालिकेने आपल्या शाळांची पटांगणे रोज संध्याकाळी दोन तास परिसरातील मुलांसाठी खुली ठेवावीत, प्रत्येक ठिकाणी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेला एक तरुण आणि एक तरुणी मानधनावर नेमावी, आणि शुल्क आकारू नये, एवढीच माझी दरखास्त आहे. अशा तरुणांची या भागात वाण नाही. नेमणूक दोघांची असावी हा आग्रह मुलींच्या आईवडिलांना विश्वास वाटावा म्हणून आहे, तसाच बालकांच्या सुरक्षिततेसाठीही आहे. पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी, आणि पालकांना केव्हाही येऊन बसून पाहण्याची मुभा, या अटी मसुद्यातच असाव्यात.

ऋतुमानाचीही तजवीज करावी लागेल. डिसेंबरात येथे साडेपाचनंतर लगेच सूर्य मावळतो, म्हणून पटांगणावर दिवे हवेत. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या वर जात असताना सहाच्या आत मुलाला बाहेर काढणे हा अपराधच ठरेल, म्हणून त्या दोन महिन्यांत हा खेळ सकाळी साडेसहाला भरावा आणि साडेसातला आटोपावा.

तोवर पालकांनी हातावर हात ठेवून बसावे असे नाही. आपल्या ले-आउटच्या मंजूर नकाशाची प्रत सुधार प्रन्यासाच्या वा महानगरपालिकेच्या कार्यालयातून माहितीच्या अधिकारान्वये मागविता येते; ती हाती घेऊन मोकळ्या जागेचा ताबा कोणाकडे आहे याची विचारणा चार-पाच कुटुंबांनी मिळून केली, तर तिला वजन येते. त्याच कुटुंबांतील एकेका मोठ्या माणसाने आठवड्यातील एकेक संध्याकाळ वाटून घेतली, तर मुलांचा रोजचा खेळ आजपासूनच सुरू होऊ शकतो. महानगरपालिकेच्या बाजूने पाहता, शहराच्या 38 प्रभागांत प्रत्येकी एका शाळेपासून आरंभ करण्यास फार मोठ्या रकमेची गरज नाही, आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे दिवे लावण्यास, नेमणुका करण्यास व पटांगणावरील खडे वेचण्यास पुरेशी मुदतही आहे.