लिंकनचा दाखला आणि आणीबाणी

पुण्याच्या मंडईतील लोकमान्यांच्या पुतळ्याचे अनावरण १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. राजद्रोहाच्या आरोपाखाली दोनदा कारावास भोगलेल्या महापुरुषाचा तो पुतळा! पुढे त्याच मोतीलालजींच्या नातीने, २५ जून १९७५ रोजी, देशावर आणीबाणी लादली. संघावर बंदी आली आणि सरसंघचालक बाळासाहेब देवरसांसह असंख्य कार्यकर्ते मिसाखाली येरवड्याच्या कारागृहात गेले.

या कृत्याच्या समर्थनार्थ कधीकधी अब्राहम लिंकनचा दाखला दिला जातो. यादवी युद्धात त्यानेही नागरिकांचे हक्क स्थगित केलेच ना, असा तो युक्तिवाद. लिंकनने १८६१ मध्ये बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क काँग्रेसची अनुमती न घेता स्थगित केला, सरन्यायाधीश टॅनी यांचा निर्णयही जुमानला नाही, हे खरे आहे आणि ते क्षम्य मानण्याचे कारण नाही. परंतु तिथे अकरा राज्ये फुटून निघाली होती. तशा रणधुमाळीतही १८६४ मध्ये तो मतदारांसमोर उभा राहिला, तेही पराभवाची धास्ती असताना. इथे यादवी कोठे होती? अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवड रद्द केली होती, एवढेच. लोकसभेची मुदत मात्र दोनदा वाढविण्यात आली.

न्यायसंस्थेचे वर्तन तर अधिक क्लेशदायक. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद ऐकण्याची तयारी दाखविली असता, २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केले. त्या चौघांत पुण्यात शिकलेले यशवंत चंद्रचूड होते. विरोधी मत देणारे न्या. खन्ना यांना सरन्यायाधीशपद नाकारले गेले. तो निर्णय चुकीचा होता, हे २०१७ साली यशवंतरावांच्याच चिरंजीवांनी, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, निकालपत्रात लिहिले.

जनता सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती करून जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होते : सल्लागार मंडळाच्या मताविना कोणासही दोन महिन्यांहून अधिक काळ प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवता येऊ नये. आजची मर्यादा तीन महिन्यांची आहे. हे कलम अमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. मधल्या काळात दिल्लीत अनेक सरकारे आली. त्यांत आपल्या विचारांचीही होती, मिसाबंदी भोगलेले मंत्रीही होते. अधिसूचनेला संसदेचे बहुमत लागत नाही, एक स्वाक्षरी पुरते.